वरच्या वाडीपर्यंत करंट

आटगावच्या अलीकडे, महामार्गाला लागून, बबनची पत्र्याची शेड आहे. बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग, आत वायरींचे गुंतवळ आणि मधोमध बोनेट उघडून उभी असलेली कुणाची तरी गाडी. त्या सकाळी ती गाडी माझी होती. जुनी डिझेल जीप, चारही चाकांना जोर देणारी. माझा नवरा तिला माझं माहेर म्हणतो, कारण घरात वाजलं की मी जाऊन तिच्यात बसते.

बबनने डॅशबोर्डवरच्या त्या एकुलत्या एक सॉकेटकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, ह्या भोकातून मोबाईल चार्ज व्हतो. मानूस नाय व्हनार."

एरवी मी त्याला तिथल्या तिथे झापला असता. त्या दिवशी सरळ कामाचं सांगायला लागले.

माणूस म्हणजे जानूदादा. धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला चिकटून एक वरची वाडी आहे, तिथला. मी मुरबाडच्या डोंगरात जीप घेऊन हिंडायला लागले तेव्हापासून तो माझा वाटाड्या. दगडावर कुठलं चाक आधी टाकायचं, चिखलात ब्रेक का मारायचा नाही, हे मला त्याने शिकवलं, तेही अस्सल शिव्या देऊन. अर्धा जन्म त्याने खडी फोडण्याच्या खाणीत काढला आणि ती धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली. आता तो शहापूरच्या एका दवाखान्यात होता. डॉक्टर चांगुणावहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, स्पष्टच म्हणाले होते की आता फुप्फुसं उरली नाहीत, घरी न्यायचं तर न्या. आणि जानूदादाचा एकच हट्ट होता: मरायचं तर स्वतःच्या अंगणात.

हट्ट साधा, पण त्याला दिवसरात्र नाकातून ऑक्सिजन लागत होता. तो देणारं यंत्र विजेवर चालतं. अँब्युलन्स धसईच्या पुढे डांबर संपतं तिथवर जाते, त्यावरच्या दगडी वाटेला ती हात जोडते. आणि वाडीवरचा डीपी (गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळून पडला होता, तो कधी बदलतील ते देवालाच ठाऊक. म्हणजे रस्ताभर वीज हवी, आणि घरी पोचल्यावरही माझ्या जीपमधूनच वायर ओढायला हवी. म्हणून बबन.

त्याने मागच्या सीटखाली दुसरी बॅटरी बसवली, पट्ट्याने आवळून बांधली. पुढच्या इंजिनापासून मागपर्यंत बोटाएवढी जाड लाल वायर नेली, मध्ये फ्यूज घातला. बॅटरीचा करंट घरच्या करंटसारखा करणारा इन्व्हर्टर बाजूच्या पत्र्यावर ठोकला आणि त्याच्या शेजारी दोन पॉइंट काढले, घरात भिंतीवर असतात तसे. मग शेडमधला तेलकट टेबलफॅन आणून एका पॉइंटात लावला. फॅन गरगरला.

"घ्या. हवा खात बसा," बबन म्हणाला. मग हसू आवरून, "पन इंजिन चालू ठेवायचं हां. बंद केलं का बॅटरी किती ओढील, माझा भरोसा नाय."

"तू येतोयस ना?"

"येतोय का म्हंजे! माझी वायर हाय. जळली तर तुमी मलाच शिव्या देनार."

शहापूरच्या दवाखान्यातून निघताना सिस्टरने एक छोटा सिलिंडर हातात दिला. मशीन बंद पडलं तरच उघडा, फार पुरायचा नाही, म्हणाली. जानूदादाला चौघांनी उचललं, पण एकाला झेपला असता एवढाच तो उरला होता. मागच्या सीटवर उशांना टेकून तो बसला, शेजारी वहिनी, पायाशी घरघरणारं यंत्र. त्याने जीपभर नजर फिरवली, लाल वायर पाहिली, स्वतःच्या नाकातली नळी चाचपली.

"गाडीलाबी नळी... मलाबी नळी," तो म्हणाला. दोन शब्द झाले की थांबायचा. "आता... पंक्चर कोन... आधी व्हतो... बघू."

"तोंड बंद ठेव आणि श्वास घे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रडू आलं की माझ्या तोंडून ओरडाच निघतो.

दिवाळी होऊन गेली होती. किन्हवलीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भात कापून झालेलं, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या (रचलेले ढीग), आणि हवेत त्या सुक्या पेंढ्याचा गोडसर वास. जानूदादा काचेला गाल लावून बघत होता. किन्हवलीत चहाला थांबलो, इंजिन चालूच ठेवून. टपरीवाल्या बाईने कप विसळता विसळता मान वर करून आत डोकावलं.

"दवाखान्यातनं आनला का गो?"

"हो. घरी नेतोय."

ती एवढंच म्हणाली, "बरं केलंत." मग बशीत चहा गार करून स्वतः वहिनीच्या हातात दिला. जानूदादाने त्यातले दोन घोट घेतले आणि तिसरा छातीवर सांडला.

किन्हवली सोडल्यावर रस्त्याची पार चाळण झालेली आहे. मी खड्डे चुकवत होते, म्हणजे मोठ्या खड्ड्यातून छोट्यात जात होते. सरळगाव जवळ आलं असेल, तेवढ्यात रबर जळाल्याचा वास आला. पाठोपाठ यंत्र पीं पीं करून ओरडायला लागलं आणि त्याची घरघर बंद पडली.

"बबन!"

"फ्यूज उडाला! गाडी बाजूला घ्या!"

वहिनी सिलिंडरच्या चावीशी झटत होती, चावी फिरेना. जानूदादाचे ओठ बघता बघता जांभळे झाले. त्याने माझ्या सीटची पाठ मुठीत धरली होती, ती पकड मला पाठीला कळत होती. मी मागे उडी टाकली, दोघींनी मिळून चावी फिरवली, नळी बदलली. सूं आवाज आला. त्याची मूठ हळूहळू सैल झाली. मी खाली उतरून बबनच्या अंगावर धावून गेले.

बबन आडवा होऊन जीपच्या पोटाखाली टॉर्च मारत होता. पत्र्याच्या ज्या भोकातून लाल वायर गेली होती, त्या भोकाची रबरी कडी धक्क्यांनी निसटली होती आणि पत्र्याच्या धारेने वायरची साल सोलली होती.

"कडी नवीन बसवली व्हती, ताई. आईच्यान."

"मग गेली कुठे? फिरायला?"

तो सोललेल्या वायरवरून बोट फिरवत राहिला. मी बोलत राहिले, काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी आतून चांगुणावहिनी म्हणाली, "ताई, मारा त्याला, पन आधी वायर जोडू द्या."

सरळगावच्या पंक्चरवाल्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून दिला. कुणाला, कशाला, काही विचारलं नाही, बबनबरोबर खाली सरकून टॉर्च धरून बसला. बबनने सोललेल्या जागी ट्यूबचे वेढे दिले, भोकात ट्यूब कोंबली, नवा फ्यूज घातला. सिलिंडरचा काटा तोवर तळाला टेकला होता. यंत्र घरघरलं तेव्हा पंक्चरवाल्याने हात जोडले, कुणाला ते माहीत नाही.

धसईत बाजार भरला होता. तांदळाची पोती, वालाच्या शेंगा, पालेभाजीच्या जुड्या, आणि कोपऱ्यात सुक्या मासळीवाल्या. मी तिथून सुसाट निघणार होते. जानूदादाने सीटवर थाप मारली. थांब. गाडी कडेला घेतली तशी माणसं गोळा झाली.

"जानू, कवा आलास रं?"

"आलो... की."

"बरा झालास का?"

"झालो ना. बघ... शेठसारखा... गाडीत बसलोय."

सगळे हसले. बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं काय ते, पण सगळे हसले. एका मासळीवालीने मूठभर सुकट (सुकवलेली बारीक कोलंबी) कागदात बांधून वहिनीच्या मांडीवर टाकली आणि तोंड फिरवून गिऱ्हाइकावर खेकसायला लागली.

डांबर संपलं. पुढे ओढ्याची कोरडी वाट, गोटेच गोटे. मी जड गियर टाकला. आरशात जानूदादाचा उजवा हात दिसत होता. गोटा आला की तो हात डावीकडे किंवा उजवीकडे जरासा कलायचा. मी तसं चाक वळवत गेले. बबन पोटाशी यंत्र धरून, दुसऱ्या हाताने वायर दाबून बसला होता, तोंडाने काहीतरी पुटपुटत. माझ्या आयुष्यात मी इतकी हळू आणि इतकी नीट गाडी चालवलेली नाही.

वाडीवर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आणि वाडी जवळजवळ रिकामी. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर निघून जातात, पोराबाळांसकट. घराघराच्या दाराला काटेरी फांद्या लावलेल्या, कुत्री-गुरं आत शिरू नयेत म्हणून. जानूदादाचा मुलगाही भट्टीवरच होता, निरोप गेला होता, तो दुसऱ्या दिवशी पोचणार होता. ज्याला आपल्या माणसांत यायचं होतं, त्याच्यासाठी दोन म्हाताऱ्या आणि एक लंगडा शेजारी उरला होता. मला इतका राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना.

जीप अंगणाच्या कडेला लावली, इंजिन चालू. पॉइंटातून लांब वायर ओढून यंत्र ओट्यापाशी ठेवलं, बाज अंगणात टाकली. जानूदादा आडवा झाला. शेजारचे तिघे येऊन बाजेभोवती बसले. वहिनीने चूल पेटवली, नाचणीची भाकर टाकली, सुकट भाजली. तो वास अंगणभर झाला तसं त्याने डोळे उघडले.

"मीठ... कमी घाल. मागल्या टायमाला..."

"मागल्या टायमाला तूच घातलं व्हतंस," वहिनी म्हणाली.

त्याला हसू आलं. भाकरीचा नखाएवढा तुकडा सुकटीला लावून तिने त्याच्या जिभेवर ठेवला. त्याने तो तोंडात घोळवला. मी आणि बबन जीपपाशी उभे होतो. मी काटे बघत होते: डिझेलचा काटा, इंजिनाच्या तापाचा काटा, इन्व्हर्टरचा हिरवा दिवा. सगळं ठीक होतं. मी बबनच्या पाठीवर थापही मारली. रात्रभर चालेल, मी म्हटलं, सकाळी धसईतून डिझेल आणू.

तेवढ्यात वहिनीने हाक मारली. आवाज अगदी साधा होता.

"ताई, वाढवा आता ते."

मी धावले. यंत्रावर ऑक्सिजन कमी-जास्त करायचं बटण असतं. मी गुडघ्यावर बसले आणि ते बटण फिरवलं, पूर्ण, शेवटपर्यंत. यंत्राची घरघर वाढली. "वाढवलं वहिनी, फुल केलंय, आता बरं वाटेल त्याला," मी म्हणाले.

वहिनीचा पिठाचा हात माझ्या हातावर आला.

"तसं नाय गो," ती म्हणाली. "दिवा वाढवतो ना आपन, तसं."

दिवा विझवला म्हणत नाहीत आपल्यात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, नारळ फोडला म्हणत नाहीत. वाढवला म्हणतात. जन्मभर मीही तसंच बोलत आले आहे. तरी मला कळायला वेळ लागला. मी जानूदादाच्या तोंडाकडे तेव्हा कुठे पाहिलं. घास जिभेवर तसाच होता.

मी बटण उलटं फिरवलं आणि यंत्र बंद केलं. बबनने जाऊन किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, आणि त्या शांततेत वहिनीने पहिला हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला, सगळं उरकलं, आणि आम्ही दोघे निघालो. खांदा द्यायला माणसं कमी होती म्हणून बबन पहिल्यापासून शेवटपर्यंत तिरडीखालीच होता, परतताना त्याला धड चालता येत नव्हतं.  शेडपाशी उतरताना त्याने फक्त विचारलं, "पोचला ना पन, ताई?" मी म्हटलं, पोचला. त्यापलीकडे मला आजही काही म्हणता येत नाही. आम्ही त्याला पोचवला, त्याने घरची भाकर चाखली, आणि त्याच्या शेवटच्या घटकेला मी काटे बघत उभी होते. यातली कुठली गोष्ट मोठी ते मला ठरवता आलेलं नाही.

घरी आले, हातपाय धुतले. नवऱ्याने पाट ठेवला. ताट मांडलं, पातेल्यावरचं झाकण काढलं, हातात डाव घेतला आणि म्हणाला, "वाढू का?"

मी स्वयंपाकघराच्या दारात खाली बसले आणि मोठ्याने रडले.