शाईआधीचा प्रश्न

सावेकाका गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. सकाळी कामावर आले, तर त्यांचाच केसपेपर माझ्या टेबलावर येऊन पडला होता... त्याला आता दीड महिना झाला. महामार्गालगतच्या आमच्या रुग्णालयात रेकॉर्ड रूम म्हणजे मागची एक खोली, एक पंखा आणि अपघातांचे कागद. जखमी माणूस कशावर बसला होता, त्याला कशाची धडक बसली, हे वाचून ठरलेला कोड टाकायचा, एवढंच आमचं काम. रोज तेच वाचून जीव शिणतो. माझा तर कधीच शिणलाय.

२०१४ साली मी इथं लागले, तेव्हा काका माझे वरिष्ठ. घाईतल्या डॉक्टरांनी कागदावर नुसतं 'रस्ते अपघात' लिहिलेलं असायचं आणि मी 'तपशील अज्ञात'चा कोड टाकून मोकळी व्हायचे. काका चिडायचे. "अगं मनीषा, अज्ञात कसा? माणूस वॉर्डात झोपलाय. जा, विचारून ये." ते स्वतः आधी पेन्सिलीनं लिहायचे, विचारून आले की मगच शाईनं. एकदा उधवा गावाकडून येणाऱ्या जीपमधला एक मजूर आला. नातेवाईक म्हणाले, आत बसला होता. जीपवाला त्यांच्याच पाड्यावरचा, त्याला कोण अडचणीत आणणार? काकांनी त्याचे सोललेले तळहात पाहिले आणि हळूच विचारलं, "मागं शिडीला लटकला होतास ना रे बाबा?" त्यानं मान खाली घातली. काकांनी आधीचं खोडलं.

त्यांच्याकडं एक जुनी स्कूटर होती. महामार्ग ओलांडायचा तर हा माणूस खाली उतरायचा, इंजिन बंद करायचा आणि स्कूटर ढकलत पलीकडं जायचा. आम्ही हसायचो. "चालतच यायचं तर गाडी कशाला, काका?" ते म्हणायचे, "तू अजून चार वर्षं हे कागद लिही, मग विचार."

...आणि त्यांच्याच कागदावर लिहिलेलं होतं : दुचाकीस्वार, ट्रकची धडक. मी पेन्सिलीनं कोड टाकला. दोन दिवसांनी त्यांचा मुलगा नीलेश कागद न्यायला आला आणि बाकावर बसूनच राहिला. "आदल्या दिवशी ब्रेक मीच बसवले, ताई. माझ्या हातानं. लागलेच नसतील." डोळे कोरडे. त्याची आई फोनवर सांगत होती, तो जेवतही नाही.

अपघात झाला त्या वळणावर मी रिक्षा करून गेले. तिथं चिकू विकणारी म्हातारी रोज बसते. तिला काकांसारखंच विचारलं, ते गाडीवर बसले होते ना? "बसले कुठं व्हते, बाय? गाडी बंद करून ढकलीत चालले व्हते. ट्रकच आला अंगावर." मग डॉक्टरांना सांगितलं, त्यांनीही खात्री करून दुरुस्तीवर सही केली. मी पेन्सिल खोडली आणि शाईनं लिहिलं : पादचारी. नीलेशला म्हटलं, "ते गाडीवर नव्हतेच रे. ब्रेकचा प्रश्नच नव्हता." "नक्की?" "नक्की. विचारून आले." तेव्हा तो पहिल्यांदा रडला, आणि मीही.

काकांची बोटभर उरलेली पेन्सिल अजून खणात आहे. परवा दिवस संपता संपता एक कागद आला, पुन्हा नुसतं 'रस्ते अपघात'. पाय दुखत होते, 'अज्ञात' लिहून घरी जावंसं वाटलं. पेन्सिल हातात घेतली, खाली ठेवली... आणि वॉर्डाकडं निघाले.