काकांनी बदलायला सांगितलेली टेप

मंडळी, आज पाटीलकाकूंपुढे मान वर करता आली नाही.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात बॅकअपच्या टेप, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची जादा प्रत, पाटीलकाका सांभाळायचे. टेप वापरली की डबीवर एक रेघ. रेघा फार झाल्या म्हणजे टेप झिजली, मग नवी टेप. रिटायर होताना काम मला दिलं. मी रेघा मारत राहिलो, टेप बदलली नाही. चालतेय ना, म्हटलं.

काका गेल्या महिन्यात वारले. आज काकू आल्या. "निरोपाला हे बोलले होते, तो व्हिडिओ दे रे. आवाज ऐकायचाय."

सर्व्हर मागेच बिघडलेला. व्हिडिओ त्या एकाच टेपवर होता. मशीनने ती वाचलीच नाही.

काकूंनी रिकामी डबी हातात घेतली. "अक्षर ह्यांचंच," म्हणाल्या आणि पर्समध्ये ठेवली.

डबीवर लिहिलं होतं, "ही आता बदल, विसरू नको."