वरिष्ठ नोटरी

"समक्ष," असं म्हणून तो शिक्का मारायचा. मान मात्र वर करायचा नाही. समोर माणूस आहे की म्हैस, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

तुम्ही तालुक्याच्या कोर्टाबाहेर कधी ताटकळला असाल, तर असा एखादा पाहिला असेल. माझं टायपिंगचं टेबल त्याच्या टेबलाला लागूनच होतं. पाटीवर त्याने 'वरिष्ठ नोटरी' असं रंगवून घेतलं होतं. असं पद सरकारात नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पूर्वी राजाच्या दरबारात, चर्चच्या कोर्टात मुख्य नोटरी असायचा. त्याच्या सहीबिगर राजाचा शब्दपण कच्चा. आमी त्याच गादीवरचे, राव."

गादी म्हणजे प्लॅस्टिकची खुर्ची, एक पाय तारेने बांधलेला.

एकदा शिनोलीच्या निवृत्त शिक्षिकाबाई आल्या. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा त्यांनी राजीखुशीने सोडल्याचा कागद त्यांच्या भावाने पुढे केला होता. त्यावर बाईंच्या नावाने अंगठा, शेजारी याचा शिक्का.

"हा अंगठा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"तुमचाच. माझ्या समक्ष झालाय."

"धम्म घेतला त्या साली माझ्या वडलांनी आईला पाटी आणून दिली. तवापासून आमच्या घरात कुणी अंगठा दिला न्हाई. मी तर जन्मभर शाळेत शिकवलं."

"मालकांना घेऊन या, मग बोलू," तो मान खाली ठेवूनच म्हणाला. बाई तशाच निघाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दावा लावला.

साक्षीला त्याला पिंजऱ्यात उभं केलं. वकिलाने विचारलं, "अंगठा देणाऱ्या बाई इथे आहेत का? दाखवा."

बाकावर बाई आणि त्यांची भावजय बसल्या होत्या. त्याने भावजयीकडे बोट केलं. तिने पदर तोंडावर ओढला. अंगठा तिचाच होता. म्हणजे त्या एका दिवशी त्याने मान वर करून चेहरा नीट पाहिला होता, आणि तरीही शिक्का मारला होता. तोवर मी त्याला नुसता आळशी समजत होतो.

बाईंचा हिस्सा शाबूत राहिला. याची नोटरी गेली आणि तो पुण्याला मुलाकडे राहायला गेला.

गेल्या उन्हाळ्यात तो वारल्याचं चहाच्या टपरीवर कळलं. मला आठवलं, रोज दुपारी स्वतःचा अर्धा चहा तो न विचारता माझ्या कपात ओतायचा. ते कुणाला सांगावंसं वाटलं नाही. माझ्या टेबलापाशी एक माणूस खोळंबला होता. मी जाऊन त्याच्या चेहऱ्याकडे पाहत त्याचं नाव विचारलं.