अक्काची दोन पेडलं

गिटारचं नवं पेडल हाती आलं की लोक ते घरी, दार लावून, शांततेत वाजवून बघतात. अक्का ते पिशवीत टाकायची आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वडिलांच्या कारखान्यात घेऊन जायची. तिथं टॉवेलांचे माग चालू असायचे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. त्या खडखडाटात भिंतीपाशी छोटा अॅम्प ठेवून ती गिटार जोडायची, मला शेडच्या दुसऱ्या टोकाला उभं करायची आणि एखादी ओळ वाजवायची. ओळ ओळखू आली तर मी हात वर करायचा. नाही आली तर ते पेडल ज्याचं त्याला परत. "घरात सगळीच गोड वाजतात की," ती म्हणायची, "हितं वाजलं तर खरं."

अक्का म्हणजे तेलुगूत थोरली बहीण. आमच्यात ती काही थोरली नव्हती. आमचा ड्रमर इम्रान तर तिच्याहून चांगलाच मोठा, दोन लेकरांचा बाप. पण तिचा धाकटा भाऊ तिला अक्का म्हणायचा, ते ऐकून आम्हीही म्हणू लागलो. घरात ती तेलुगू बोलायची, इम्रानशी दखनी, माझ्याशी सोलापुरी मराठी, आणि चिडली की तिन्ही एकदम. मीही गिटारवालाच, वैरागहून कॉलेजसाठी सोलापुरात आलो होतो. लग्नाचे स्वागतसमारंभ, वाढदिवस, गॅदरिंग, बोलावतील तिथं आम्ही वाजवायला जायचो.

पहिल्या भेटीतच तिने माझी फजिती केली होती. माझ्याकडे तेव्हा एकच भलंमोठं पेडल होतं आणि त्याचे सगळे नॉब मी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेले असत. मी वाजवून थांबलो तशी ती म्हणाली, "काय वाजवलालास रे?"

"गाणं."

"मला माश्या ऐकू येलाल्यात."

मग ती माझ्या पायाशी बसली, गेन, म्हणजे सूर फाडणारा नॉब, जवळजवळ शून्यावर आणला, व्हॉल्यूम वाढवला आणि म्हणाली, "आता वाजव." माझ्या चुका इतक्या स्पष्ट ऐकू आल्या की मी लाजून हात काढून घेतला. "बघ," ती खूश होऊन म्हणाली, "आता तू दिसलालास."

आमची ही पेडलं ओव्हरड्राइव्हची, म्हणजे पायाने दाबायचा एक छोटा डबा. गिटारचा स्वच्छ सूर त्यातून गेला की जरासा खरबरीत होतो, किंचित फाटतो आणि लांबतो. किती फाटू द्यायचा, यातच सगळं आलं. अक्काकडे अशी दोन पेडलं होती. पहिल्यात गेन अगदी थोडा. ते कार्यक्रमभर चालूच असे. हलक्या हाताने वाजवलं तर सूर स्वच्छ राही, जोर दिला तर त्याला दाणे येत. दुसरं ती एकटीने वाजवायची ओळ आली की दाबायची. त्याने मधले सूर उठून यायचे. "पहिलं धरतं, दुसरं ढकलतं," एवढंच तिचं शास्त्र. एकदा मी दोन्हींच्या जागा बदलल्या. ढकलणारं आधी आलं की आवाज मोठा होत नव्हता, नुसता दाट आणि चिकट होत होता. ते मागून आलं की तोच सूर तसाच राहून पाऊलभर पुढे यायचा. दोन्ही क्रम मला ऐकवून तिने विचारलं, "भांडायला जायचंय का बोलायला? तसं लाव."

मागांच्या आवाजात वाजवून बघायचं कारण मला वाटायचं तेवढंच नव्हतं. माग खाली घुमतात आणि वर कडकडतात, मधे जागा मोकळी असते. मांडवात ड्रम, बेस आणि झांजा मिळून तेच करतात, म्हणून ही तिची युक्ती असेल, असं मी धरून चाललो होतो. एकदा सहज तसं बोलून दाखवलं तर ती हसली नाही. "नान्नाच्या कानात माग कायम चालू असतात," ती म्हणाली. "बंद केले तरी. म्हणून मी तिथं जाऊन बघते."

नान्ना म्हणजे तिचे वडील. आयुष्य मागांपाशी काढलेल्या त्या माणसाचे कान पार गेले होते. ट्रकचा हॉर्न, आपटलेलं दार एवढं कळायचं. कानाचं यंत्र कपाटात पडून असे. ते लावलं की सगळा कारखाना डोक्यात शिरतो, अशी त्यांची तक्रार. गिटारचा साधा सूर त्यांच्यापर्यंत पोचायच्या आतच विझायचा. तो लांबवावा म्हणून गेन वाढवला तर सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसती घरघर व्हायची. अक्का त्या दोहोंच्या मधली जागा शोधत होती. मुलगी लोकांसमोर गिटार वाजवते, लोक टाळ्या वाजवतात, हे नान्ना पहिल्या रांगेत बसून नुसतं बघायचे. तेही टाळ्या वाजवायचे, इतरांचे हात बघून.

नान्नांना एक गाणं येत असे. त्यांची आई हातमागावर बसून म्हणायची ते. तुटलेला धागा जोडताना ते गुणगुणायचे, पण स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने बेसूर. त्या बेसूर गुणगुण्यातून अक्काने चाल बसवली होती. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी शेड शांत होती, आत आम्ही तिघं आणि नान्नाच. नान्ना स्टुलावर चहा पीत बसले होते. अक्काने आधी पहिलं पेडल लावलं, वाजवलं. नान्ना चहा पीत राहिले. मग तिने दुसरं दाबलं, त्याचा गेन थोडा उतरवला, टोन जरा मागे घेतला आणि गाणं पुन्हा सुरुवातीपासून धरलं, सावकाश, एकेक सूर पूर्ण लांबू देत.

नान्नांच्या कपाळाला आठी पडली. कप खाली ठेवून ते म्हणाले, "तप्पु!"

चूक. एवढं तेलुगू मलाही येत होतं. अक्काचा हात तारांवरच राहिला. नान्नांनी हवेत बोट फिरवून दाखवलं, इथं सूर वर नाही जात, खाली उतरतो, आणि स्वतः म्हणूनही दाखवलं, अर्थात बेसूर. अक्काने मान खाली घातली. मला वाटलं दुखावली. पण ती हसत होती आणि तिचे डोळे गळत होते. "चुकलं म्हणाले रे," ती मला सांगू लागली, जणू मी तिथं नव्हतोच. "नान्ना म्हणाले, चुकलं!"

इम्रानने तिच्या डोक्यावर टपली मारली. "गलती पकडे बोले तो सुने ना, अक्का!"

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तो कार्यक्रम ठरलेलाच. नान्ना चुका काढायचे, अक्का मुद्दाम चुकायची.

पुढच्या वर्षी नान्ना गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाहीत. काही आठवड्यांनी एका मंगल कार्यालयात आमचा कार्यक्रम होता. अक्का आली, वाजवलं, कुठे चुकली नाही. पण दोन्ही पेडलांचे दिवे बंद होते. समोरच्या कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मला मात्र ती आमच्यातून हळूहळू मागे सरकत असल्यासारखं वाटत होतं. चहाच्या वेळी इम्रानने विचारलं, तेव्हा वायर गुंडाळत ती म्हणाली, "एवढं ढकलून आता कुणाला सांगायचंय?"

कारखाना बंद झाला. भावाला हैदराबादला नोकरी लागली आणि आईला घेऊन अक्काही निघाली. स्टेशनवर मी आणि इम्रान गेलो होतो. तिच्या पाठीवर गिटार, हातात पेडलांची पिशवी. मी काहीबाही बोलत होतो, कधी येशील, तिकडे बँड शोध वगैरे. गाडी हलताना ती दारातून म्हणाली, "पेडलं बदलत बसू नको. हात हलका ठेव."

मी तेच केलं जे तिने नको म्हटलं होतं. तिच्याकडे होती तशीच दोन पेडलं मिळवली, नॉब तिच्यासारखे लावले. इम्रानने डोळे मिटून ऐकलं. "अच्छा है," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण ती नाही."

परवा व्हिडिओ कॉल लागला. तिच्या मागे वाळत घातलेले कपडे, कुणाची तरी सायकल. मी नुकतीच एक चाल बांधली होती. तिला ऐकवायची होती. दोन्ही पेडलं लावून सुरुवात केली, तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तुटलालंय रे. फोनला तुझी गिटार म्हणजे गोंगाट वाटलालाय, सगळं कापून टाकलालाय."

मी थांबलो. उद्या नीट रेकॉर्ड करून पाठवतो म्हणालो.

"थांबू नको," ती म्हणाली. "हात दिसलालेत की."

मी पुन्हा सुरू केलं. आतून तिला कुणीतरी तेलुगूत हाक मारली. परत मारली. ती हलली नाही. मी वाजवत राहिलो.