यादीत सहा, बोटीत पाच

नितीनने मासेमारीचा विषय काढला तेव्हाच मी नको म्हणालो होतो. मला पोहता येत नाही. वय एकाहत्तर, साखर आहे, आणि दर तासा-दीड तासाला उठावं लागतं. व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाने परक्या मुलखात समुद्रात कशाला जायचं? पण आमची ही म्हणाली, "दोन महिने घरात दिवे-पंखे बंद करत फिरताय. जा एकदाचे, आम्हाला जरा उजेडात बसू द्या." सूनबाई तोंड फिरवून हसली, आणि जायचं ठरलं.

नितीन माझा मुलगा. सौदीत यान्बूला पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनियर आहे, अकरा वर्षं झाली. मी सातवी पास, नाशिकला एका कारखान्याच्या गेटवर अठ्ठावीस वर्षं काढली. कामगार आत किती गेले, बाहेर किती आले, ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. हा ब्लॉग नात सईने उघडून दिला. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, तरी आमचं जमतं. इथे नाशिक-पुण्याकडचे बरेच लोक आईवडिलांना थंडीत बोलावून घेतात. त्यांच्यापैकी कोणी असं फिरायला जाणार असेल तर उपयोग होईल, म्हणून सगळं लिहितो.

गुरुवारी दुपारी निघालो. गाडीत आम्ही चौघे: मी, नितीन, त्याच्या कंपनीतले पुण्याचे देशपांडे आणि केरळचे थॉमस. रस्ता जेद्दाहकडे जातो. डावीकडे करडे डोंगर, उजवीकडे मधूनच समुद्र. रस्ता चांगला आहे, पण वारा सुटला की वाळू आडवी येते, म्हणून अंधार पडायच्या आत पोचावं. थुवाल गावाच्या बरंच अलीकडे हायवे सोडला. पेट्रोल पंपावर चहा आणि तमीस घेतला. तमीस म्हणजे भट्टीतली मोठी रोटी, एक चौघांना पुरते. मी तिथवर पासपोर्ट घेतलाय ना, असं पाचदा विचारलं. देशपांडे म्हणाले, "काका, पासपोर्टलाच आता तुमचा कंटाळा आला असेल." पण सांगून ठेवतो, मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स चालत नाही. इथे राहणाऱ्यांना इकामा, म्हणजे रहिवासाचं कार्ड, लागतो.

लॉज म्हणजे समुद्रकाठी आठ लाकडी खोल्या, एक स्वयंपाकघर आणि लाकडी धक्का. खोलीचे साडेतीनशे रियाल, बोटीचे वेगळे. सगळी व्यवस्था हैदराबादचे करीमभाई बघतात. पाहुण्याने धरलेला मासा ते तिथेच करून देतात. शेजारच्या खोलीत बुरैदा शहराहून आलेलं सौदी कुटुंब होतं. त्यांनी आल्या आल्या खजुराचा डबा समोर धरला. साखर आहे असं मी खुणेने सांगितलं, तर त्यांनी लहान बघून दोन काढून दिले. संध्याकाळी देशपांड्यांनी धक्क्यावरून गळ टाकला आणि वीतभर मासा काढला. त्याचे फोटो काढायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी बीपीची गोळी घेऊन, पाय धुऊन, पडूनसुद्धा घेतलं.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला उठलो. बोट लॉजवरून सुटत नाही. दीड किलोमीटरवर छोटं बंदर आहे, तिथे किनारा राखणाऱ्या शिपायांची चौकी आहे. बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव यादीत लिहितात, तोंड बघतात, आणि पासपोर्ट व इकामे परत येईपर्यंत ठेवून घेतात. जेवढे गेले तेवढे परत आले पाहिजेत. मला ही पद्धत फार आवडली. आम्ही चौघे पाहुणे, एक बंगाली खलाशी आणि कप्तान अबू सालेम, असे सहा. अबू सालेम सौदीच, साठीचे, पांढऱ्या दाढीचे. बोट त्यांच्या मालकीची. वर्षानुवर्षं हिंदुस्थानी खलाशी ठेवल्यामुळे मोडकं हिंदी बोलतात. हिवाळ्यात इथे सुरमई येते, तिला दिराक म्हणतात. अबू सालेमांचं वर्षाचं पोट ह्याच दोन-तीन महिन्यांवर.

मी नितीनला आधीच सांगून ठेवलं होतं की मी आतल्या छोट्या खोलीत पडून राहणार. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, मी घेतली होती. आत फळीवर उशी ठेवली, शाल पसरली, पिशवी ठेवली. फोन पिशवीत.

चौकीवरून निघाल्यावर बोट पाच मिनिटं लॉजच्या धक्क्याला लागली. बर्फाचं मशीन लॉजवर आहे, म्हणून मासे ठेवायचा बर्फ आणि आमिष तिथून घेतात. खरं तर यादी झाल्यावर कुठे थांबायचं नसतं, हे मला नंतर कळलं. पुढच्या बाजूला सगळे बर्फ चढवत होते. मला लघवीला आली होती. बोटीतल्या संडासात मला उभंही राहता येत नव्हतं. दोन मिनिटांचं काम, म्हणून मी मागच्या बाजूने कठडा धरून धक्क्यावर उतरलो. कोणाला सांगितलं नाही. नितीन बर्फाची पेटी उचलत होता आणि चार लोकांत हे काय सांगायचं, असं वाटलं.

माझ्या वयाच्या वाचकांना ठाऊक आहे की ते काम दोन मिनिटांत होत नाही. बाहेर आलो तर धक्का रिकामा. बोट बरीच पुढे गेली होती. मी हात केले, ओरडलो. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकणार?

करीमभाई आवाज ऐकून आले. मी म्हटलं, फोन लावा. त्यांनी कप्तानांना लावला, पण इथे किनारा सुटला की लगेच रेंज जाते. मी म्हटलं, मग चौकीवर जाऊन सांगतो. त्यांचा चेहरा बदलला. बाकावर बसवून चहा दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "चाचा, चौकी को नक्को जाओ. लिस्ट में छे, बोट में पाँच, ये मालूम पड़ा तो कप्तान का काम खलास. शाम को बोट चौकी के पहले बर्फ का डब्बा उतारने को इधरीच आती. चुपके से चढ़ जाओ. गिनती बराबर."

मला ते पटलं. गेटवर मीसुद्धा असे आकडे जुळवून घेतले होते. एखादा कामगार न सांगता बाहेर गेला तर संध्याकाळी वही बरोबर करून टाकायची, म्हणजे साहेब विचारत नाही. शिवाय चौकीवर गेलो असतो तर सगळ्यांसमोर नितीन काय म्हणाला असता, अबू सालेम काय म्हणाले असते, ह्याची धास्ती होती. नितीनला वाटत असेल की मी आत झोपलोय, वाटू दे. मी दुसरा चहा घेतला, बिनसाखरेचा. समोर समुद्र अगदी शांत होता. पायाखाली लाकूड आहे, पाणी नाही, ह्याचं मला बरंही वाटत होतं.

मग बुरैदावाल्यांची मुलगी तिच्या आजोबांना ताटलीत काहीतरी खायला घेऊन आली, आणि मला माझा नाश्ता आठवला. नितीन मला नाश्ता द्यायला आत जाणारच. माझं खाणं वेळेवर लागतं, ते तो विसरत नाही. शाल उचलेल. खाली उशी. पिशवी तिथेच, फोन तिथेच. बाबा नाहीत. बोट खोल पाण्यात. त्याला काय वाटेल?

मी उठलो आणि चालायला लागलो. करीमभाई मागून हाका मारत होते. वाळूत चप्पल रुतत होती, ती हातात घेतली. दीड किलोमीटर मी कसा गेलो ते आठवत नाही. मधेच इथे पडलो तर आणखी घोटाळा, एवढाच विचार येत होता.

चौकीत धावपळ चालू होती. एक शिपाई वायरलेसवर मोठमोठ्याने बोलत होता, गस्तीची एक बोट गेली होती, बाहेर दुसरे दोघे आणखी एकीचं इंजिन चालू करत होते. अरबी मला येत नाही, पण "हिंदी, हिंदी" एवढं कळत होतं. इथे हिंदी म्हणजे हिंदुस्थानी माणूस. मी दारात उभा राहून म्हटलं, "साहब, मैं..." त्याने बघितलंही नाही, हाताने बाहेर जा म्हणून खूण केली. मी पुन्हा आत गेलो. त्याने पुन्हा खूण केली, आता रागाने. तेव्हा मला टेबल दिसलं. टेबलावर माझा पासपोर्ट उघडा होता, माझा फोटो वर. नंतर कळलं, अबू सालेमांनी स्वतःच वायरलेसवर कळवलं होतं की यादीतला म्हातारा बोटीत नाही, पाण्यात पडला असावा. हे लोक मलाच शोधायला निघाले होते.

मी पुढे होऊन त्या फोटोवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या छातीवर. शिपायाने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. बोलायचा थांबला. मग खुर्ची ओढून मला बसवलं आणि वायरलेस माझ्या तोंडाशी धरला.

मी म्हटलं, "नितीन, मी आहे. चौकीवर आहे."

पलीकडून आधी वारा ऐकू आला. मग अबू सालेमांचा आवाज आला, "अल्हम्दुलिल्लाह."

बोट यायला तासभर लागला. नितीन उतरला तो डोक्यापासून पायापर्यंत ओला. थॉमसनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने नितीन नाश्ता घेऊन आत गेला. त्यानंतर बोट आल्या वाटेने अगदी हळू परत फिरवली, प्रत्येकाने एकेक बाजू धरून पाणी बघितलं. एके ठिकाणी काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं. नितीनने लाइफ जॅकेट न घालता उडी मारली. ते थर्मोकोलच्या पेटीचं झाकण होतं. मी त्या दिवशी पांढरा सदरा घातला होता.

नितीन माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "सकाळची गोळी घेतली का?" मी घेतली म्हटलं. तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

अबू सालेम चौकीत अर्धा तास होते. यादीनंतर धक्क्याला थांबले आणि पुन्हा माणसं मोजली नाहीत, म्हणून पंधरा दिवस बोट बंद. ऐन सुरमईचे पंधरा दिवस. बाहेर आले तेव्हा मी हात जोडले. त्यांनी माझे हात धरून खाली केले. म्हणाले, "मैं बर्फ देखा, आदमी नहीं देखा. गलती मेरा."

मी विचारलं, आधी स्वतः शोधून मग कळवलं असतं, तर बोट बंद झाली नसती ना? त्यांना प्रश्नच कळला नसावा. त्यांनी नितीनकडे बोट केलं आणि म्हणाले, "उसका बाप है."

जाताना एक सुरमई लागली होती. करीमभाईंनी दुपारी तिचा सय्यादिया केला. कांदा पार काळपट होईपर्यंत परतून त्यात भात शिजवतात आणि वर मासा ठेवतात. खाऊन बघाच, आपल्याकडे असा करत नाहीत. मला मात्र चार घासांपुढे जाईना. करीमभाईंनी माझ्यापुढे ताट जरा आपटलंच. म्हणाले, "खाओ चाचा, कप्तान को पंद्रह दिन की छुट्टी दिला आपने." संध्याकाळी अबू सालेम गोड्या पाण्याने बोट धूत होते, जशी काही सकाळी परत न्यायची आहे. मी धक्क्यावर बसून राहिलो.

शनिवारी परत निघालो. देशपांडे-थॉमस मागे झोपले होते. पेट्रोल पंप गेल्यावर नितीनने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "बाबा, बोट गेलेली कळल्यावर तुम्ही किती वेळाने चौकीवर गेलात?"

मी म्हटलं, "लगेच."

तो म्हणाला, "हं. लांब आहे तसं ते."

घरी आल्यावर हिने हळद घालून दूध दिलं, सईने मला मिठी मारली आणि इंग्रजीत पुष्कळ काहीतरी बोलली. लोक विचारतात, कशी झाली ट्रिप. मी सांगतो, जागा छान आहे, पाणी स्वच्छ, माणसं सज्जन. जाणार असाल तर जा, फक्त बोटीतून एक पाऊल जरी बाहेर टाकलंत तरी तोंडाने सांगून टाका, लाजू नका.

आठ दिवस हे लिहायला घेत होतो आणि त्या चहाच्या बाकापाशी येऊन थांबत होतो. काल नितीन गॅलरीत मासळीची पेटी धूत होता. मी जाऊन सांगितलं की मी लगेच गेलो नव्हतो. करीमभाईंचं ऐकून बसलो होतो. दोन चहा घेतले. तू शाल उचललीस, पाणी बघत फिरलास, उडी मारलीस, तेव्हा मी बाकावर तरी होतो नाहीतर जेमतेम उठलो होतो. मला ओरडा खायचा नव्हता, म्हणून.

त्याने पेटी घासणं थांबवलं नाही. तळाशी चिकटलेले खवले नखाने काढत राहिला. मी म्हटलं, हे ब्लॉगात लिहायचं की नाही ते कळत नाही. लिहिलं तर लोक काय म्हणतील? फार तर 'थोडा वेळ बसलो' असं लिहितो.

पाण्याचा नळ बंद करून तो म्हणाला, "लिहा. पण थोडा वेळ लिहू नका, बाबा. किती वेळ ते लिहा."

एक तास.