लायब्ररीतली तीन तासांची झोप

स्वप्नांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलेय. स्टॅटिस्टिक्सची विद्यार्थिनी मी... योगायोग मोजायचा असतो, त्याची पूजा करायची नसते, असं मानणारी. तरी हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्याच बाबतीत.

नागपुरात एम.एस्सी. करताना मी आणि प्रणाली शहराच्या टोकाला, बेसाला एका खोलीत भाड्यानं राहायचो. ती उमरेडची; घरी पूर्वी हातमाग होता. शेवटच्या सेमिस्टरला आमचा प्रोजेक्ट एकत्र होता. प्रेझेंटेशनच्या दोन दिवस आधी ती घरी गेली ती आलीच नाही. फोनही उचलेना. मी एकटीनं कसंबसं निभावलं. संध्याकाळी तिचा मेसेज — सॉरी, नंतर सांगते. मी लिहिलं, काही हरकत नाही. वर एक हसरा चेहराही पाठवला.

माझी सवयच ती. राग आला की मी हसते.

त्या दिवसापासून झोप उडाली. पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. तीन आठवडे हेच. परीक्षा तोंडावर, आणि वाचलेलं डोक्यात राहीना. शेवटी धंतोलीत एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटचं कुणावर रागावलीस, एवढंच विचारलं. मला आठवेना. आधी मनातलं बोलून टाक, गोळ्यांचं नंतर पाहू, म्हणाल्या. मी मान डोलावली आणि कुणाशीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लायब्ररीत वहीवर डोकं टेकलं... आणि झोप लागली.

स्वप्नात मी प्रणालीच्या घरी होते. प्रत्यक्षात तिथे कधी गेलेच नव्हते. निळा दरवाजा, तोही अर्धाच रंगवलेला. ती पायरीवर बसलेली. मी आयुष्यात कुणावर चढवला नाही असा आवाज तिच्यावर चढवला. "काहून नाही आली वं? कडू कुठची!" कडू ही आमच्याकडची शिवी, जागेपणी माझ्या तोंडून कधी निघालेली नाही. ती रडली. मग हळूच म्हणाली की पाहुणे आले होते, लग्न ठरलं. पीएच.डी. होईस्तोवर लग्न नाही असं दोघींनी ठरवलेलं, म्हणून मला सांगायची लाज वाटली. मुलगा हिंगण्याला कंपनीत आहे, आणि हसला की त्याला उचकी लागते... यावर आम्ही पोट धरून हसलो.

लायब्ररीतल्या काकांनी उठवलं तेव्हा तीन तास झाले होते. हातातला फोन थरथरत होता — प्रणाली.

"मले कडू म्हणते वं तू?"

मी वही मिटून बाहेर जिन्यात आले. तीही तीन आठवडे झोपली नव्हती, आज जेवून आडवी झाली तर मी दारात येऊन ओरडत होते, असं ती सांगत होती. मी दरवाजाचा रंग विचारला.

"निळा. बाबा अजून रंगवूनच राहिले."

"आन् तो... हसला की उचकी लागते त्याले?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हे तर मी आईलेही नाही सांगितलं."

आणि आम्ही दोघी फोनवर हसत सुटलो.

त्याच संध्याकाळी बस धरून उमरेडला गेले. तिच्या आईनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. त्यानंतर दोघी झोपलो त्या सकाळचा चहा दोनदा गार होईपर्यंत उठलो नाही. परीक्षा छान गेली. तिच्या लग्नात मी इतकी नाचले की चप्पल तुटली.

आमच्या सरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, योगायोग असेल. नसेल तर सिद्ध करून दाखव. म्हणून आम्ही ठरवून, एकाच वेळी, चार-पाचदा झोपून पाहिलं — ती हिंगण्याला, मी बेसाला. काहीही घडत नाही. झोप तेवढी मस्त लागते.