मालिकेतली म्हातारी गेली तेव्हा

मी तापट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे मी आईवर ओरडले की तुम्हाला धक्का बसणार नाही. कुसगावात आम्ही दोघीच राहतो. मी शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही हे विचारलेलं मला खपत नाही. आई मूळची आंदर मावळातली, आडबाजूच्या डोंगरातली. इतकी वर्षं इकडे काढली, तरी तिची बोली तिकडचीच राहिली आणि हट्टही तिकडचाच.

आमच्या गल्लीत एक विनोदी मालिका पाहतात. कधीपासून? ती सुरू झाली तेव्हा रांगणारी पोरं आता गाड्या उडवतात, तेव्हापासून. मालिकेत एक कुरकुऱ्या म्हातारा आणि त्याची फटकळ बायको. म्हातारा आंघोळीला जाताना नेमका टॉवेल विसरतो, आतून "अगं, टॉवेल!" म्हणून बोंबलतो, आणि म्हातारी बंद दाराबाहेर उभी राहून आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, मग टॉवेल देते. बस्स, एवढंच. पण दर वेळी तिचं बोलणं नवं असायचं आणि आई हसता हसता तोंडात पदर कोंबायची. बाबा म्हणायचे, "आपल्या घरात कॅमेरा लावलाय का गं यांनी?" कारण टॉवेल तेही विसरायचे.

बाबा करोनात गेले. दवाखान्यातून परस्पर नेलं, आम्हाला तोंडसुद्धा दिसलं नाही. मी तापानं फणफणून आतल्या खोलीत पडलेली, बाहेर गल्ली बांबू लावून बंद. आमच्यात माणूस गेलं की त्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळेबळे पहिला घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तो गळ्याखाली उतरताना रडू फुटतं आणि माणूस मोकळं होतं. आमच्या दारात कोणी येऊच शकलं नाही. आई रडली नाही. तेव्हा नाही, वर्षश्राद्धाला नाही, कधीच नाही. लोक म्हणायचे, बाई मोठी धीराची. डोंबलाचा धीर! जेवताना मध्येच तिचा हात थांबायचा आणि ती भिंतीकडे बघत राहायची. अशी आतल्या आत गोठत ती एक दिवस माझ्या हातची जाईल, याची मला फार भीती वाटायची.

तर गेल्या हिवाळ्यात ती मालिकेतली म्हातारी गेली. म्हणजे नटी ठणठणीत होती. ती मुलाकडे परदेशात राहायला निघाली होती आणि ही बातमी सगळ्यांच्या फोनवर येऊन गेली होती. तरी त्या संध्याकाळी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेजारची खाला, जिचं किराणा दुकान आहे, ती नेहमीसारखी शटर अर्धं ओढून आमच्याकडे मालिका बघायला आली.

भाग सुरू झाला तेव्हा म्हातारी गेलेलीच होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. म्हातारा मात्र नेहमीसारखाच सगळ्यांवर करवादत होता. जावयाला म्हणतो, "एवढा मोठा हार कशाला आणलास? आयुष्यभर फुलांनी शिंका यायच्या तिला!" आम्ही हसलो, मग हसलो म्हणून ओशाळलो. स्मशानातून आल्यावर तो आंघोळीला गेला. पाण्याचा आवाज थांबला आणि आतून हाक आली, "अगं, टॉवेल!"

घरातलं एकही माणूस हललं नाही. कॅमेरा त्या बंद दारावर. आतूनही काही नाही. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे बाहेरच्यांना कळलं होतं. मग मालिकेचं गाणंसुद्धा न वाजता भाग संपला. खालानं ओढणी डोळ्यांना लावली. मी नाक शिंकरत होते. आई उठली, टीव्ही बंद केला आणि दळणाचा डबा पुसायला बसली.

दुसऱ्या दिवशी काय एकेक तऱ्हा! बचत गटाच्या ग्रुपवर सकाळीच म्हातारीचा हार घातलेला फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. एकीनं विचारलं, "दहावा कधी आहे?" मी वैतागून लिहिलं, "अहो, ती नटी विमानात बसून गेलीसुद्धा!" त्यावर उत्तर आलं, "तुम्हाला मन नाही का, बाई?" कार्ल्याच्या फाट्यावर मेथी घ्यायला थांबले, तर भाजीवाली मावशी म्हणाली, "आज घासाघीस नगं बाई, माझं मन थाऱ्यावर न्हाई." शाळेत आमचे एक सर आहेत, असल्या मालिका आपण बघत नाही असं छाती काढून सांगणारे. ते कॅमेरा दारावर कसा रोखून धरला होता हे समजावता समजावता मध्येच तोंड धुवायला निघून गेले. आणि गल्लीतल्या एकीच्या नवऱ्यानं म्हणे त्या दिवशी आपला टॉवेल आपण नेला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!

आई आपली दळण निवडत राहिली.

रविवारी सकाळी खाला दारातूनच म्हणाली, "म्हाताऱ्याची गाडी आलीय बंगल्यावर. आत्ताच अंडी-पाव नेले वॉचमननं." म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या त्या नटाचा आमच्या वरच्या अंगाला बंगला आहे. अधूनमधून तो येतो, गावाला त्याचं अप्रूप राहिलेलं नाही. पण आई ते ऐकून उठली आणि आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज आला.

"एवढ्या सकाळी भाकरी कोणासाठी?"

"त्या भाऊसाठी. बायकू गेली न्हवं त्येची."

माझं डोकंच फिरलं. "आई! मालिका आहे ती! बायको खोटी, मरण खोटं, सगळं खोटं! तो माणूस हसेल आपल्याला. गावभर होईल!"

"मला शिकवतीस व्हय? ठाव हाय मला समदं."

"मग?"

"मग काय मग? गाडी काढ."

तिनं पिठल्याचा डबा आणि तांदळाच्या भाकरी फडक्यात बांधल्या होत्या. मी नाही म्हटलं असतं तर ती चालत निघाली असती. आंदर मावळातली बाई, तिला चालण्याचं काय कौतुक! मी चरफडत स्कूटर काढली आणि चढभर तिच्याशी बोलले नाही.

नटानं स्वतःच दार उघडलं. मालिकेत कायम धोतरात असलेला माणूस समोर अर्ध्या चड्डीत बघून आईनं पटकन मान खाली घातली. तो हसून म्हणाला, "फोटो ना? या, या."

"फोटू नगं भाऊ. भाकर आनलीया. कडू घास."

त्याला क्षणभर उमगेना. मग उमगलं आणि तो मोठ्यानं हसला. "अहो ताई, ती बाई मजेत आहे! कालच फोन झाला आमचा. तिकडे बर्फ पडतोय म्हणून कुरकुरत होती."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी आईचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"म्या येडी न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "ती बाई जिती हाय, ठाव हाय मला. पर तुमी टावेल मागितला न, ती हाक खरी व्हती. माझं मालक अशीच हाक मारायचं. करोनात गेलं. आमच्या दारात कुनी आलं न्हाई. येऊच देत न्हवतं, कुनाचा दोस न्हाई. ही पोर तापानं पडल्याली, हिला काई तरी खायाला घालाया पायजे. मंग माझी चूल मीच पेटवली. मालक गेलं त्याच दिशी. हिला पेज करून घातली अन् म्या बी प्याली. असं कुनी करतं व्हय, भाऊ? आपल्या मानसाच्या दुखात आपल्याच हातानं चूल पेटवायची?"

ती पेज मला आठवत होती. मीठ जास्त झालंय म्हणून मी कुरकुरलेही होते. पण ती कोणत्या हातांनी केली होती याचा विचार मी इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता. बाबा गेले ते मला दोन दिवसांनी, ताप उतरल्यावर सांगितलं गेलं.

नटाच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. "आत या," एवढंच म्हणाला. आई सोफ्यावर बसेना, खाली फरशीवरच बसली. तोही तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्यानं फडक्याची गाठ सोडली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि आईपुढे धरला.

"तुमच्यासाठी आनलंय," आई म्हणाली.

"माझं कोणी गेलं नाही, ताई. हा घास तुमचा आहे. तुम्हाला कोणी दिला नाही, तो मी देतोय. शेजारीच आहे की तुमचा. घ्या."

आईनं हात पुढे केला. तिनं घास तोंडात घातला, चावला, आणि तो गिळता गिळता तिच्या छातीतून असा आवाज निघाला की बाहेरचा वॉचमन धावत आला.

"अवं, कुटं गेलात वो!" ती ओरडली. "मला न सांगता कुटं गेलात!"

मीही तिच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडले. तो माणूस तसाच समोर बसून राहिला. मधूनच खांद्यावर उपरण्यासारखा टाकलेला नॅपकिन डोळ्यांना लावत होता, आणि ते काही अभिनयातलं नव्हतं.

परत येताना आई स्कूटरवर माझ्या पाठीला डोकं टेकून बसली होती. घर आल्यावर म्हणाली, "आज चूल पेटवू नगंस." मी गॅसला हात लावला नाही, खालाच्या दुकानात जाऊन सगळं सांगून आले. दुपारी खाला डबा घेऊन आली, संध्याकाळी बचत गटाच्या बायका आल्या. आईनं बाबांचं एकेक सांगत, सगळ्यांदेखत, पोटभर रडून घेतलं.